पलंगाचं चित्र

भावाचा फोन आला तेव्हा हॉस्पिटलच्या लाँड्रीतली माझी रात्रपाळी संपत आली होती.

"ताई, तुझ्या गावात आलोय. गोदामाच्या गेटवर. काल दुपारपासून रांगेत आहे. डबा आणशील?"

"काल दुपारपासून? मग झोपलास कुठे?"

"मशीन म्हणतंय झोपलो," असं म्हणून तो हसला. मला ते हसू आवडलं नाही.

त्या मशीनचं आधी सांगते, कारण ते थोडंफार माझ्यामुळे आलंय. माझा नवरा रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायचा. भर दुपारी रस्त्याच्या कडेला, सभोवती लाल शंकू मांडून, शिडीच्या गाडीवर उभा होता. मागून ट्रक आला तो थांबलाच नाही. ड्रायव्हर आदल्या सकाळपासून गाडी हाकत होता, त्याच्या डोळ्यांवर झापड आली आणि माझा संसार संपला. माझ्यासारख्या आणखी बायका भेटल्या. नवऱ्यांचे फोटो छातीशी धरून आम्ही मंत्र्यांच्या ऑफिसबाहेर उन्हात उभ्या राहिलो, पायऱ्या झिजवल्या, कारकुनांची बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे नियम झाला. ड्रायव्हरने ठरावीक तासच गाडी चालवायची, मग ठरावीक तास विश्रांती घ्यायची, आणि हे मोजायला ट्रकमध्ये मशीन. त्या दिवशी घरी येऊन मी फोटोला सांगितलं, "झालं बरं का तुमचं काम." भाऊ ट्रक चालवतो म्हणून तर मी जास्तच जीव खाऊन भांडले होते. एक गेला तो गेला, दुसरा तरी राहावा.

डबा घेऊन गोदामापाशी गेले. गेट एका टोकाला आणि रांगेचं शेपूट पार दुसऱ्या टोकाला. सावली नाही, नळ नाही, आडोशाला जायचं तर भिंतीमागे. भावाचा ट्रक शोधून वर चढले. तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. डोळे लालभडक, तोंड सुकलेलं. लहानपणी तापात असाच दिसायचा.

मी डबा उघडून दिला. पहिला घास त्याने तोंडाशी नेला तोच दारावर धाडकन लोखंड आदळलं. माझ्या हातातलं झाकण खाली पडलं.

"चला, पुढे घ्या! झोपला तो मागे गेला!"

एक माणूस हातात गज घेऊन रांगेच्या कडेने चालला होता आणि प्रत्येक दारावर हाणत होता. भावाने घास तसाच डब्यात ठेवला, गाडी चालू केली, चार हात पुढे घेतली, बंद केली.

"काल दुपारपासून हेच," तो म्हणाला. "जरा डोळा लागला की हा हजर. वेळेवर पुढे घेतली नाही तर नंबर जातो, पुन्हा शेपटाला लागायचं."

समोर ते मशीन होतं. पडद्यावर हिरव्या रंगात एका पलंगाचं चित्र. उशीसकट.

"हे काय?"

"माझी विश्रांती. चार हात सरकलेलं ते मोजत नाही. गाडी उभी म्हणजे ड्रायव्हर झोपलेला. काल दुपारपासून झोपतोय मी, ताई. इतकी झोप आयुष्यात मिळाली नव्हती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाँड्रीत ड्रायर फिरत असतो तेव्हा मी स्टुलावर बसून असते. हातात काही नसतं, तरी ती कामाचीच वेळ धरतात, कारण मी तिथून उठून जाऊ शकत नाही. एवढी साधी गोष्ट. ती चादरी धुणाऱ्या बाईला लागू, आणि एवढं मोठं धूड चालवणाऱ्याला नाही! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते हेच. आम्ही उन्हात उभ्या राहिलो त्या माणसाला झोप मिळावी म्हणून. ह्यांनी चाकाला झोपवलं आणि माणसाला गजाने बडवून जागं ठेवलं.

"हा असला नियम चुलीत घाला!" मी ओरडलेच.

"तसं म्हणू नकोस," भाऊ म्हणाला. "आधी मालक दोन-दोन दिवस पळवायचा. आता रस्त्यावर असताना तास संपले की मी गाडी कडेला लावतो, आणि तो काही बोलू शकत नाही. नियम रस्त्यावर खरा आहे. फक्त ह्या गेटपाशी येऊन मरतो."

जेवण अर्धंच झालं. गज, चार हात, गज, चार हात. शेवटी दुपारी नंबर लागला, गाडी भरली आणि आम्ही गेटबाहेर आलो. बाहेर येताच पडद्यावरचा पलंग गेला आणि स्टिअरिंगचं चित्र आलं. मालकाने ऑफिसात बसून बटण दाबलं होतं, फेरी सुरू. लगेच फोन आला. "निघ आता. विश्रांती फुल आहे तुझी. घाट अंधार पडायच्या आत उतर."

भावाने गाडी भिंतीलगत उभी करून कागद खिशात ठेवले, तोंडावर पाणी मारलं आणि किल्ली लावायला हात पुढे केला. किल्ली भोकात जाईना. बाजूला लागली. पुन्हा लावली, पुन्हा बाजूला. तो स्वतःच्या हाताकडे असा बघत राहिला की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मी किल्ली ओढून घेतली.

"ताई, नोकरी जाईल."

"झोप."

"अगं, फेरी सुरू झाली, तास चालू झालेत माझे, आता गाडी उभी राहिली तरी चाललीच धरतात..."

"झोप म्हटलं ना!"

आई गेल्यापासून ह्या आवाजापुढे त्याचं काही चालत नाही. सीटमागच्या फळीवर तो आडवा झाला. एक बूट काढला. दुसरा पायातच राहिला.

मी खाली उतरले आणि पायरीवर बसले. थोड्या वेळाने गजवाला आला. "बाई, इथे थांबता येत नाही. गाडी काढा." त्याने गज उचलला.

मी उठून दारासमोर उभी राहिले. "हाण. पण आधी माझ्यावर हाणायचा. आत माझा भाऊ झोपलाय."

त्याचा हात खाली आला. त्याचेही डोळे लाल होते. "मला काय हौस आहे का? मीपण कालपासूनच आहे इथे. साहेब सांगतात, मी हाणतो." मग उघड्या खिडकीतून आत डोकावून म्हणाला, "पण मशीनवर तर ह्याची गाडी चाललीये!"

मी वळून पाहिलं. खरंच की. स्टिअरिंगचं चित्र, आणि त्याखाली उरलेल्या तासांचा आकडा कमी होत होता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतका राग आला होता, तरी हसू फुटलं.

खिडकीपाशी ठेवलेला भावाचा फोन वाजला. मालक. मी उचलला.

"गाडी का हलत नाही? कोण बोलतंय?"

"त्याची बहीण."

"त्याला द्या फोन."

"देता येत नाही. तो गाडी चालवतोय."

"काय?"

"तुमच्या पडद्यावर बघा ना. चालवतोय की नाही? जागा होता तेव्हा झोपलाय म्हणालात. आता झोपलाय, तर चालवतोय म्हणा. तुमचंच मशीन आहे."

"बाई, तास संपतील त्याचे!"

"संपू देत. संपले की तुम्हाला त्याला हलवता येणार नाही. नियम आहे. नवरा घालवून आणलाय तो नियम मी, आता मोडून दाखवा."

मग दात-ओठ खात तो म्हणाला, "उद्यापासून त्याला घरीच बसवा."

"बसवते. बिनकामाचा भाऊ मला पोसता येईल. भिंतीवर फोटो एकच पुरे."

मी फोन बंद केला. गजवाला अजून तिथेच उभा होता. आत भाऊ घोरत होता आणि पडद्यावर गाडी घाट उतरत होती.