लिओदानचा हात

एरास्तो कियाला दीडेक महिन्यानं पार्कात आला, तेव्हा बाकांवरची सगळी मंडळी उठून उभी राहिली. तिथंच त्याचं बिनसलं. मान्सानियोच्या पार्कातल्या त्या बाकांवर कुणी कुणासाठी कधी उठत नसे. पक्षाचा मोठा माणूस आला तरी "बाजूला हो, वारा अडवू नकोस" एवढंच ऐकून जायचा. आज मात्र फाउस्तो न्हाव्यानं खांदा दाबला, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या नेरेइदा बाईंनी गालाला गाल लावला आणि शेंगदाण्यावाल्यानं एक पुडी हातात कोंबली, वर पैसे घ्यायला नकार दिला. एरास्तो मनातल्या मनात म्हणाला, झालं, इथंही सुतकच.

त्याचा मुलगा लिओदान तिकडे उत्तरेकडच्या परदेशात झोपेतच गेला होता. हृदय बंद पडलं. चाळिशी गाठलेला, रोज पळणारा, सिगारेटला न शिवलेला माणूस. बापाचे प्रवासाचे कागद होईपर्यंत तिकडे त्याला मातीही देऊन झाली. शेजारपाजारचे येऊन गेले, कॉफी ठेवून गेले, डोळे पुसून गेले. मग घर गप्प झालं. त्या गप्प घरात एरास्तोला एकाच गोष्टीची आस लागली. खेळाडूबद्दल लोक जसं बोलतात, तसं कुणीतरी लिओदानबद्दल बोललेलं त्याला ऐकायचं होतं. रडून नको, तोंडभर बोललेलं. असं बोलणारी जागा गावात एकच होती, म्हणून तो तिथं आला होता.

त्या बाकांवरचा वाद वर्षानुवर्षं एकच: बेसबॉलचा पूर्ण खेळाडू कोण? बॅटला चेंडू नेमानं लागणं, लागलेला चेंडू लांब जाणं, पळणं, झेलणं आणि फेकणं, या पाच गोष्टी ज्याला येतात तो पूर्ण. नाव निघालं की नाव काढणारा पंजा उघडून वर धरतो, एका गुणाला एक बोट, आणि बाकीचे त्याची बोटं मिटवायला तुटून पडतात. मात्र बोट मिटवायचं तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला दिवस सांगावा लागतो. कुठलं मैदान, समोर कोण, काय चुकलं. ऐकीव गोष्ट चालत नाही. या कसोटीत भलेभले लुळे पडले होते. सिक्स्तो बारिएंतोस हा गावाचा देव, शाळेच्या भिंतीवर त्याचं चित्र, पण बाकांवर त्याला तीन बोटांपलीकडे कधी काही मिळालं नाही. कारण बाल्दोमेरो. बर्फाच्या कारखान्यात जन्म काढलेला हा बाल्दो कुणाचंच काही मान्य करत नसे. आज कडक ऊन आहे म्हटलं तरी तो आधी वर बघून खात्री करून घेई आणि मग म्हणे, कालच्यापेक्षा कमी आहे.

या वादात लिओदानचं नाव मात्र कधी निघालं नव्हतं. संघ परदेशात खेळायला गेला असताना तो हॉटेलातून निघून गेला आणि तिकडेच राहिला, तेव्हा रेडिओवाल्यांनीही त्याचं नाव घेणं सोडलं. सुरुवातीला लोक सरकारला घाबरून गप्प बसले. पुढे ओब्दुलिया, त्याची आई, अंथरुणाला खिळली आणि गेली. निघून गेलेल्या खेळाडूंना तेव्हा परत पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्यामुळे आईला खांदा द्यायलाही तो आला नाही. त्याच आठवड्यात एरास्तो पार्कात येऊन सगळ्यांना बजावून गेला होता, "माझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही." लोकांनी ते पाळलं. भीतीचे दिवस सरले, दारं उघडली, लिओदान दोनदा येऊन बापाला भेटूनही गेला, तरी बाकांवर ते नाव निघालं नाही ते नाहीच.

आज फाउस्तोनं घसा साफ केला. "मंडळी, आज आपण लिओदान कियालाचं नाव घेऊ," म्हणत त्यानं पंजा वर केला.

एरास्तोनं कान टवकारले. आता तुटून पडतील, आता बाल्दो सुरू होईल.

कुणी तुटून पडलं नाही. नेरेइदा बाईंनी पंजा वर केला. शेंगदाण्यावाल्यानं केला. शेवटी बाल्दोनंही केला, जमिनीकडे बघत. सगळ्या हातांची सगळी बोटं उभी.

"ठरलं तर," फाउस्तो हळूच म्हणाला, "गावाचा पूर्ण खेळाडू." बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

चर्चच्या बाजूला एक घोडागाडी खडखडत गेली. एरास्तो त्या हातांकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत इथं एकमत झालेलं त्यानं पाहिलं नव्हतं, आणि जे झालं ते त्याच्या मुलावर! कबरीवर फुलं ठेवून चार पावलं मागं सरकतात, तसं या लोकांनी केलं होतं. आता हे नाव पुन्हा कधी निघायचं नाही, कारण त्यात भांडायला काही उरलंच नाही. त्याला संताप आला.

"बाल्दो, तुझीही पाच?"

"पाच."

"अरे, तो जुना खेळाडू ताता वेगा, त्याची दोन बोटं मिटवायला तू त्याच्या विधवेशी भांडलास, तिच्याच ओसरीत बसून."

"तीही भांडली माझ्याशी. वर कॉफी दिली नाही."

"मग आज काय झालं? जीभ गहाण टाकलीस?"

"पाच म्हणजे पाच. बस ना गप गड्या," बाल्दो पुटपुटला. "कशाला उगाच."

"उगाच? पोराची दया येतेय तुम्हाला! सिक्स्तोला तीन आणि माझ्या पोराला फुकटात पाच?" एरास्तोनं पुढं होऊन फाउस्तोचा हात मनगटाला धरला. "थांबा, मीच मिटवतो. फेकीचं बोट. फेकणारा हात नव्हता लिओदानला."

"एरास्तो, बाळा," नेरेइदा बाई म्हणाल्या. त्या त्याच्याहून चारच वर्षांनी मोठ्या, पण सगळ्या गावाला बाळ म्हणत. "कशाला स्वतःला छळतोस?"

"नियम आहे ना, मास्तरीणबाई? डोळ्यांनी पाहिलंय मी. घरामागच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी त्याचे चेंडू मी झेलायचो. पाय वाऱ्यासारखे, नजर घारीची, पण फेक यायची ती तरंगत. वाटेत एखादी म्हैस बसून रवंथ करेल एवढा वेळ लागायचा. आणि बायामो गावाविरुद्धची मॅच? इथंच, आपल्या मैदानावर. हा उजव्या कोपऱ्यात, चेंडू हातात, दुसऱ्या बेसवरचा भोपळ्यासारखा माणूस धापा टाकत घराच्या, म्हणजे शेवटच्या बेसकडे निघालेला. यानं फेकला. तीन टप्पे पडले! भोपळा पोचला, कपडे झटकून उभा राहिला, तेव्हा चेंडू आला. हात नव्हता. मिटवा बोट."

त्यानं खरोखरच फाउस्तोचं बोट वाकवलं. बाल्दोचा उजवा गुडघा हलायला लागला होता. या गुडघ्याची सगळ्यांना ओळख होती. तो हलायला लागला की बाल्दोच्या पोटात काहीतरी मावेनासं झालेलं असे.

"बाल्दो," फाउस्तोनं दम दिला, "आज नाही हं."

"मी काही बोललो का?" गुडघा जोरात हलला. "काहीच बोललो नाही. फक्त हे खोटं आहे."

"काय खोटं?" एरास्तो वळला.

"हात नव्हता हे. होता. चांगला होता."

"तू मला सांगणार? बाप आहे मी त्याचा!"

"असशील बाप! पण पाहिलास कुठवर? इथून जाईपर्यंत. पुढचा मी पाहिलाय!"

शब्द तोंडातून गेले आणि बाल्दोचाच चेहरा उतरला. बाईंनी कपाळाला हात लावला. एरास्तो उभ्या जागी थिजला. कारण ते खरं होतं. तिकडच्या मॅचेस आठवड्याच्या आठवड्याला डिस्कवर भरून गावात येत, घरोघर फिरत. त्याच्या दारातही कित्येकदा आल्या होत्या. त्यानं दार लावून घेतलं होतं. आईच्या मातीला न आलेल्या पोराला चेंडूमागं पळताना त्याला बघायचं नव्हतं. मुलगा तिकडे इतकी वर्षं खेळला, त्यातला एकही दिवस बापानं पाहिला नव्हता.

"बोल," तो म्हणाला.

"जाऊ दे रे."

"बोल म्हणतो ना!"

बाल्दोनं टोपी मागं सारली. "भाचा आणायचा डिस्क. मागच्या खोलीत, खिडकी लावून बघायचो, भिंतीपलीकडे तुला आवाज जायला नको म्हणून. पहिल्या वर्षी तू म्हणतोस तसंच होतं. तरंगतच यायचं. दोनदा त्याला त्याच पायी बाहेर बसवलं. पण पुढच्या वर्षी परत आला तो वेगळाच. हे बघ, असा." तो उठला. सत्तरी उलटलेला, कंबरेत वाकलेला बाल्दो पार्काच्या फरशीवर डावा पाय आडवा टाकून उभा राहिला. "आधी हा पाय रोवायचा. मग खांदा. कुणीतरी शिकवलं असेल, नाहीतर स्वतःच घोटून घोटून केलं असेल. आणि मग ती एक फेक. तळ्याकाठच्या त्या गारठलेल्या शहरात. पार भिंतीला लागलेला चेंडू यानं उचलला आणि तिसऱ्या बेसवर फेकला. टप्पा नाही! एकही नाही! पळणारा अर्ध्या वाटेत थांबला आणि तोंड उघडून बघत राहिला. लाज वाटून स्वतःच बाहेर गेला."

"पडद्यावरचं धरत नाहीत!" फाउस्तो ओरडला. त्याच्याही लक्षात राहिलं नव्हतं की आज ओरडायचं नाही. "नियम डोळ्यांचा आहे!"

"पडदा काय कानानं बघतात?"

"मग मीही सांगतो, मी बघितलेल्या मॅचमध्ये तो पहिल्या बेसवर फेकायला गेला आणि चेंडू थेट प्रेक्षकांत फेकला होता! एका बाईच्या कुल्फीत!"

"तूही बघायचास?" बाल्दो चकित झाला.

"सगळेच बघायचे रे," नेरेइदा बाई म्हणाल्या. मग आवाज चढवून, वर्गात बोलायच्या तसं, "आणि ती कुल्फी नव्हती, फाउस्तो. मक्याचं कणीस होतं. नीट बघितलं नसेल तर साक्ष देऊ नकोस."

झालं, गलका सुरू झाला. शेंगदाण्यावाला टोपली खाली ठेवून घुसला. त्याच्या मते हात ठीक होता, खरं उणं होतं ते वळून येणारा चेंडू मारण्यात. फाउस्तोचं एक बोट कुणी मिटवी, दुसरा उघडी. "लिओदान" हे नाव एरास्तोच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं, शिव्यांसकट. त्याला वाटलं, हे सगळे त्याला ओळखतात. माझ्या पोराला सगळं गाव ओळखतं, एकट्या माझ्याखेरीज.

फोनवर तो लिओदानला काय विचारायचा? गोळ्या पाठवल्यास का, बर्फ पडतो का, कधी येतोस. एकदा पोरानं आपणहून सुरुवात केली होती, "पपा, माझी फेक आता..." आणि यानं मध्येच तोडलं होतं, "तुझ्या आईच्या कबरीचा दगड खचलाय, त्याचं बघ." पोरानं दगडाचे पैसे पाठवले. फेकीचं परत कधी काढलं नाही.

"बाल्दो," त्यानं बाही ओढली. "फेकल्यानंतर काय केलं त्यानं?"

"कुणी?"

"लिओदाननं. ती फेक झाल्यावर."

बाल्दो आठवू लागला. "काही नाही. लोक नाचत होते. यानं टोपी काढली, कपाळ पुसलं, मान खाली घालून जागेवर जाऊन उभा राहिला. हसलादेखील नाही. मी भाच्याला म्हटलं, बापावर गेलंय कार्टं."

एरास्तो बाकावर बसला. फाउस्तो पंजा तसाच धरून उभा होता. "मग काय करायचं या बोटाचं? मिटायचं की उघडायचं?"

"मिटलेलंच राहू दे. मला अजून पटलेलं नाही," एरास्तो म्हणाला. त्यानं सरकून शेजारी जागा केली. "बाल्दो, बस इथं. पहिल्या मॅचपासून सांग."

"पहिल्या? अरे, पुरी कारकीर्द आहे. जेवायची वेळ टळेल."

"टळू दे."

बाल्दो बसला. गुडघा आता शांत होता. "पहिल्या मॅचला त्याला खेळवलंच नाही. नुसता बाहेर बसवून ठेवला. वसंत म्हणायचा तिकडे, पण थंडी अशी की बोलताना पोराच्या तोंडातून वाफ येत होती. दोन्ही हात काखेत घालून बसला होता. मी म्हटलं..."

"आत काही घातलं होतं का त्यानं?" एरास्तोनं विचारलं.

"आँ?"

"शर्टाच्या आत. गरम काही."

बाल्दोला या प्रश्नावर भांडता येईना. त्यानं डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ तो ते चित्र शोधत राहिला.

"होतं," तो म्हणाला. "काळं. पुऱ्या बाह्यांचं, गळ्यापर्यंत."

एरास्तोनं मान डोलावली आणि सगळ्यांच्या देखत, तोंड न झाकता, तो रडू लागला.