साठ लिटरचे चार पंप

आमच्या दुकानात माणूस आला की आधी माझ्याकडं बघतो, मग माझ्या मागं बघतो. मागं आबा असले तर त्यांना विचारतो. नसले तर म्हणतो, "मालक कुठं गेले?" जसं काही काउंटरवर मी नाही, खताची थप्पीच बसली आहे.

कनेरगाव नाक्यावर आमचं कृषी केंद्र आहे. परवाना आबांच्या नावावर, म्हणजे उत्तमरावांच्या. बसते मी, शिवकन्या. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू असताना मला उचलून लग्नात बसवलं. चार वर्षांनी मी उठून आले, त्यालाही आता तीन वर्षं झाली. आई वर्षभरापासून भावाचं लेकरू सांभाळायला पुण्यात आहे. दुकानामागच्या घरात आम्ही दोघंच. दिवसभरात आमचं बोलणं एवढंच: "चहा ठेवलाय." "गोळी घेतली का?" "शटर ओढलं का?" बाकी सगळं टीव्ही बोलतो.

पलीकडच्या ढाब्यावाल्यानं मासे मेले म्हणून काचेची टाकी उकिरड्याला टाकली होती, ती मी घासून घरी आणली. साठ लिटरची. खाली कयाधूची वाळू अंथरली, नदीतल्याच लांब पातीच्या वनस्पती लावल्या, काही कुरिअरनं मागवल्या. सतरा गप्पी सोडले. बाया म्हणायच्या, "काय गं, काचेत गवत वाढवून राहिली?" म्हटलं, व्हय, वाढवून राहिले. तुमच्या घरात काय वाढून राहिलंय ते मी विचारायला येते का?

फोनवर बघितलं तर पाण्यातल्या झाडांच्या खतांच्या निळ्या-हिरव्या बाटल्या. एक मागवली. लेबल वाचलं आणि हसू आलं. पोटॅशियम नायट्रेट, मोनो पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, थोडं लोह. अरे, हे तर आमच्या गोदामात पडलंय! शेतकरी ज्याला तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि शून्य-बावन्न-चौतीस म्हणतो, तेच पाण्यात विरघळवून, निळा रंग घालून, वर माशाचं चित्र चिकटवलेलं. बाटली ठेवून दिली. वजनकाट्यावर मोजून माझं पाणी मीच बनवलं. सुई काढलेल्या इंजेक्शननं एक दिवसाआड पाच मिली. म्हणजे अख्ख्या टाकीला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. कारण ते शेत नाही. शेतात जास्त झालेलं पाण्यासोबत निघून जातं. टाकीतून कुठं जाणार? त्याच पाण्यात मासे श्वास घेतात.

पावसाळा संपता संपता जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं दिसायला लागली. पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी पडलं होतं. मी एक मिली वाढवलं आणि थांबले. भोक पडलेलं पान काही बुजत नाही. पुढचं पान धड आलं तर समजायचं, बराबर चाललंय. त्याला आठ-दहा दिवस लागतात. त्या घरात, त्या दुकानात, ह्या एवढ्याशा पाण्यात तेवढं माझं माप चालत होतं. बाकी कुठं चाललं होतं?

आबा दारातून बघायचे. "अगं माय, एवढ्यानं काय होतंय? हात आखडू नको, आपल्याच दुकानातलं हाय."

"आबा, ह्याला एवढंच लागतं."

"तीस वर्षं खत विकून राहिलो मी."

मग माझी परभणीच्या कोर्टात शेवटची तारीख लागली. दोघांच्या संमतीचा घटस्फोट, नुसत्या सह्या. कागदांसाठी मावशीकडं दोन मुक्काम करावे लागणार होते. आबा म्हणाले, "मी आलो तर दुकान कोण बघंल?" दुकान म्हणे. त्यांना लाज वाटत होती, हे सांगायला त्यांची जीभ उचलत नव्हती. मी सांगितलं, "माशांना चिमूटभर खाऊ टाका. बाटलीला हात लावू नका. कशालाच हात लावू नका."

"बरं."

सह्या झाल्या. ज्या माणसानं चार वर्षं मला भांडं समजून वापरलं, त्यानं पेन माझ्याकडून मागून घेतलं आणि परत द्यायला विसरला. मी रडले नाही. एसटीत बसले आणि तीन तास फक्त एक विचार केला, नवं पान आलं असेल.

खोलीचं दार उघडलं तर वास. पाणी ताकासारखं पांढुरकं. सतरा मासे वर, पोटं आभाळाकडं.

आबा मागं येऊन उभे राहिले. "लाईट गेली होती रात्री. त्यानं मेले असतील."

लाईट गेल्यानं पाणी पांढरं होत नाही. मी खाली बघितलं. टेबलाखाली एकोणीस-एकोणीस खताचं पाकीट, कोपरा फाडलेला.

"किती टाकलं?"

"काय?"

"आबा, किती टाकलं?"

"साठ लिटर म्हणजे चार पंप," ते म्हणाले. "पंपाला शंभर ग्रॅम. हळदीला हेच माप देतो की आपण. बराबर हिशेब हाय."

चारशे ग्रॅम. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं, टाकीत त्याचा अमोनिया होतो. फवारणीचा पंप पंधरा लिटरचा असतो हे मला माहीत आहे. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. पण फवारा पानावर मारायचा असतो, त्यात कोणी पोहत नसतं.

"काहून टाकलं?"

"पानाला भोकं दिसून राहिली होती," ते टाकीकडं न बघता म्हणाले. "म्हणलं, तू तिकडून येशील, तर हिरवं दिसावं."

मी बाह्या सारल्या. बादल्यांनी पाणी उपसलं. बोअरचं नवं भरलं, पुन्हा उपसलं. बहुतेक पानं शेवाळ्यासारखी हातात विरघळली. तीन-चार देठ टणक होते, तेवढे ठेवले. मासे दुकानामागं पुरले. आबा नळापाशी उभे होते. त्यांनी एकदा बादली उचलायला हात पुढं केला. मी बादली ओढून घेतली.

मला कळत होतं, त्यांनी मायेनं टाकलं. त्या मायेचाच मला राग होता. माया करायच्या आधी एक फोन करता येत नव्हता?

कदाचित मी तिथंच थांबले असते. पण दुसऱ्या दिवशी तांड्यावरचे थावराकाका दुकानात आले. आणखी दोघं-तिघं बाकड्यावर बसलेले.

"मालक, पोरीचे मासे मेले म्हणं?"

"मरतील न्हाई तर काय!" आबा हसले. "रोज थेंब-थेंब औषध पाजून राहिली होती. दवाखानाच काढला होता तिनं."

"मंग मासे आयसीयूत गेले म्हणा की," बाकड्यावरचा एक जण म्हणाला. सगळे हसले. आबाही हसले.

मी वजनकाटा बाजूला सरकवला.

"माझ्या औषधानं न्हाई मेले. तुमी मारले, आबा. चार पंपाचं खत ओतलं तुमी. मला न इचारता. माझं लग्नबी असंच लावलं. लोक म्हणले पोरगं चांगलं हाय, तुमी लोकांच्या मापानं ओतून मोकळे. मेल्यावर म्हणायचं, तिलाच जमलं न्हाई."

बाहेर वाशिमकडं जाणारा एक ट्रक गिअर बदलत गेला. आबांनी खुंटीवरची टोपी घेतली. घालायची की हातात ठेवायची, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग ते मागच्या दारानं घरात गेले.

थावराकाकांनी माझ्या मागं बघितलं. तिथं कोणी नव्हतं. मग त्यांना माझ्याकडं बघावं लागलं.

"बाई… हळद पिवळी पडून राहिली. काय देऊ?"

"कोवळं पान पिवळं पडलं का जुनं?"

ते गोंधळले. हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. "कोवळं. शिरा हिरव्या हायत."

"लोह कमी आहे. पंपाला पंधरा ग्रॅम. सोळा नको." मी लोहाच्या पुडीवर लिहून दिलं. ते पुडी घेऊन, मान खाली घालून गेले.

दुपारी मी दोन ताटं वाढली. "भूक न्हाई," आबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं ज्यानं कोणी सांगितलं, त्याला घरात एकट्यानं जेवावं लागत नसेल.

त्यानंतर आबा दुकानात येतात, कोपऱ्यात बसतात. कोणी माप विचारलं तर हातानं माझ्याकडं दाखवतात. गोळी ते आपली आपण घेतात. टीव्हीचा आवाज वाढला आहे.

उरलेल्यांपैकी दोन देठांनी मूळ धरलं. मासे मी अजून आणले नाहीत. काल सकाळी मी इंजेक्शनमध्ये दोन मिली ओढत होते, तर आबा उंबऱ्यापाशी थांबले. नुसते उभे. त्यांनी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, आता पानं कमी आहेत म्हणून दोनच. ते चपला सरकवत गेले.

मीही हाक मारली नाही.