मोठीचा कबुलीजबाब

अठरावे वर्ष सरले की माणूस आपोआप स्वतंत्र होतो, अशी कायद्याची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेनुसार बालगृहाने मोठीला निरोप दिला आणि ती लाँड्रीत कामाला लागली. माळ्यावरची खोली कामाबरोबर मिळाली होती. काम सुटले की खोलीही सुटणार होती, आणि मग जायचे कुठे, याचे उत्तर कायद्याजवळ नव्हते.

एका दुपारी मालकांनी, म्हणजे काकांनी, एक राखाडी कोट उंच धरला. पाठीवर इस्त्रीचा करपलेला ठसा होता.

"कोणाचा हा पराक्रम?"

इस्त्रीवाले वृद्ध मास्तर कपाळावरचा चष्मा टेबलाखाली शोधू लागले. तेवढ्यात मोठी हात मागे बांधून पुढे आली.

"माझी चूक."

"तुझी? सकाळपासून तू धुलाईच्या मशीनपाशी आहेस. इस्त्रीला हात तरी लावलास का?"

"नाही."

"मग?"

"कोणीच कबूल झालं नाही, तर सगळ्यांचं जेवण बंद..." ती थबकली.

बालगृहाचा तो नियम होता. धाकटी उपाशी राहू नयेत म्हणून खोलीतल्या थोरल्या मुलीने गुन्हा अंगावर घ्यायचा. 'मोठी' हे नाव तिला त्यातूनच मिळाले होते.

गल्ल्यावरून काकू म्हणाल्या, "आमचं जेवण बंद करणारे हे कोण? स्वयंपाक मी करते!"

मास्तर खाकरले. "माझाच डोळा लागला, मालक."

"ठाऊक आहे. तुमचं घोरणं पलीकडच्या गल्लीत ऐकू येतं." मग काका मोठीकडे वळले. "उद्यापासून इस्त्री शिक. दुसऱ्याचं जळलं तर तोंडात मिठाची गुळणी धरायची. तुझं जळलं तर सांगायचं."

पुढच्याच आठवड्यात तिच्या हातून उशीचा अभ्रा करपला. दुकानात कोणी नव्हते. परक्या चुकीसाठी एका दमात पुढे होणारी ती मुलगी स्वतःच्या चुकीपाशी मात्र खिळून राहिली. मालकिणीच्या चुलीवर आपला हक्क किती, माळ्यावरच्या खोलीवर किती, हे तिला अजून कळलेले नव्हते. अभ्र्याची घडी तिने दोनदा ओच्यात लपवली, दोनदा बाहेर काढली. अखेर दुकानामागे काकांच्या घराच्या दारी जाऊन ती उभी राहिली.

"काका, ही मात्र खरंच माझी."

काकांनी अभ्रा उजेडात धरला. "कसा जळला, करून दाखव."

"पुन्हा जाळू?"

"आधी जेवायला या दोघंही," आतून काकू ओरडल्या. "मग जाळा काय जाळायचं ते!"