दुसरा हात नको असलेले इंजिन

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. इंजिन म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी अवाढव्य उभे राहील. तसे काही नाही, मी मुठीत मावतो. छोट्या विमानाच्या नाकावर बसायचे आणि पंखा फिरवायचा, एवढेच माझे काम. पण कोणी मला खेळणे म्हटले की माझे पित्त खवळते. माझ्यातही दट्ट्या आहे, सिलिंडर आहे, आणि एके काळी मिनिटाला दहा हजार फेरे मारायची धमक होती. आज माझा दांडा जागचा हलत नाही. हे असे का झाले, ते सांगतो. थोडी लांबण लागेल. पण मला ऐकणारे फारसे कोणी भेटत नाही, तेव्हा चालवून घ्या.

कारखान्यातून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी एका टर्नरच्या घरी आलो. टर्नर म्हणजे लेथवर लोखंड कातणारा कारागीर. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी एक टेबल आणि टेबलाला घट्ट बसवलेला व्हाइस, म्हणजे वस्तू आवळून धरणारा शिकंजा. घरात तो आणि त्याची बायको, एवढीच माणसे. टर्नर फार कमी बोलायचा. त्याच्या वाटचेही तीच बोलायची.

त्या वेळी माझ्या डोक्यात ग्लो प्लग होता. त्यात एक इवलीशी तार असते. तिला बॅटरी जोडली की ती लालबुंद होते आणि इंधन पेट घेते. इंजिन चालू झाले की बॅटरी काढून घ्यायची. पुढे तार आपल्याच आचेवर तापलेली राहते. आमचे विमान दोऱ्यांवरचे होते. दोन बारीक दोऱ्यांच्या एका टोकाला विमान आणि दुसऱ्या टोकाला मूठ. ती मूठ धरून टर्नर मैदानाच्या मधोमध उभा राहायचा आणि विमान त्याच्याभोवती गोल गोल उडायचे. पण त्याआधी मला चालू करायला दोन माणसे लागत. बायको उकिडवी बसून विमान धरायची आणि बॅटरीचा चिमटा हातात घ्यायची. टर्नर म्हणायचा, "लाव." मग बोटाने पंखा फटकवायचा. मी पेट घेतला की ओरडायचा, "काढ!"

"लोकांच्या बायका रविवारी फिरायला जातात, आणि मी इथे शेपूट धरून बसलेय," ती म्हणायची.

"सोड की मग."

"सोडेन हं खरंच!"

पण तो मधोमध जाऊन उभा राहून मान डोलवेपर्यंत तिने कधी विमान सोडले नाही. माझे बरे दिवस म्हणाल तर ते. ती मला नेहमी शिव्या द्यायची आणि घरी गेल्यावर तीच जुन्या फडक्याने पुसायची.

मग ती आजारी पडली आणि गेली. मी दीड वर्ष खणात पडून होतो. बाहेरून पावलांचा आवाज यायचा, तो एकाच माणसाचा. एका रविवारी टर्नरने मला बाहेर काढले आणि एकट्याने मैदानावर नेले. विमान खुंटीला बांधले, बॅटरीचा चिमटा रबराने माझ्या डोक्याला आवळला. मी चालू झालो मात्र, बॅटरीची वायर पंख्यात गेली आणि तिचे तुकडे झाले. त्याने ते तुकडे वेचले आणि तो घरी परतला.

खालच्या मजल्यावर एक म्हातारे कंपाउंडर राहायचे. दवाखान्यात औषधे बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी जिन्यात विचारले, "धरायला कोणी नाही वाटतं? मी येऊ का? रिकामाच असतो हो मी."

"कशाला तुम्हाला त्रास?" टर्नर म्हणाला आणि वर निघून आला.

त्याला त्यांचा राग नव्हता, मित्रांनो. "लाव" हा शब्द दुसऱ्या कोणाला म्हणणे त्याच्या जिवावर आले होते. म्हणून त्याने माझे डोकेच बदलायचे ठरवले.

मला डिझेल करायचे, म्हणजे प्लगही नको, बॅटरीही नको. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याने माझ्यासाठी नवे डोके कातले. त्यात खालीवर सरकणारी एक चकती, आणि चकतीवर दाब देणारा आडव्या दांडीचा स्क्रू. स्क्रू आवळला की आत हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने इंधन पेटते. इंधनही बदलले: रॉकेल, एरंडेल आणि दवाखान्यात वापरतात ते झटकन पेटणारे इथर. इथर कंपाउंडरांनी ओळखीच्या ठिकाणाहून आणून दिले. बाटली हुंगून ते म्हणाले, "माझी सगळी नोकरी या वासात गेली. रविवारी निदान लांबून बघायला तरी येतो."

"बघण्यासारखं काही नसतं त्यात."

पहिल्या दिवशी मलाच माझा आवाज ओळखू येईना. आधी मी किंचाळायचो, आता घुमायला लागलो. पहिल्यापेक्षा मोठा पंखा आरामात ओढू लागलो आणि निम्म्या इंधनात तेवढाच वेळ उडू लागलो. विमान सोडायलाही त्याने खुंटीत एक खीळ बसवली. मैदानाच्या मधून सुतळी ओढली की खीळ निघायची आणि विमान सुटायचे. घरी आल्यावर तो जिन्यात कंपाउंडरांना म्हणाला, "आता सगळं एकहाती. कोणाची गरज नाही." इतके कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते, पण ते ऐकून मला बरे वाटले नाही. मी चांगला चालावा म्हणून माझे डोके बदललेले नव्हते. मैदानावर तोंड उघडायची वेळ येऊ नये, म्हणून बदलले होते. पुढची चार वर्षे आम्ही दर रविवारी उडालो आणि त्या मैदानावर एक शब्दही बोलला गेला नाही.

मग तो रविवार आला. चालू करताना ग्लो प्लगवाल्या इंजिनाला इंधनाचा जरा जास्त घोट दिला तरी ते चालवून घेते. डिझेलला तसे खपत नाही. आत इंधन तुंबले आणि स्क्रू आवळलेला असला की ते उलटी लाथ मारते. टर्नरला हे पाठ होते. पण त्या दिवशी त्याचे लक्ष कुठे होते कोण जाणे, हाताने जुन्या सवयीने दोन घोट दिले आणि बोटाने पंखा फटकवला. मी उलटा उसळलो. पंख्याने त्याची दोन बोटे फाडली.

आणि मित्रांनो, मी तसाच चालू राहिलो. मला बंद करायचे बटण नाही. इंधनाची नळी चिमटीत दाबली तरच मी थांबतो. त्याच्या एका हातातून रक्ताची धार लागली होती आणि दुसऱ्या हाताने तो पहिला आवळून बसला होता. नळी दाबायला तिसरा हात मैदानात नव्हता. निम्म्या इंधनात चालायची माझी काटकसर नेमकी आड आली आणि टाकी संपता संपेना. बराच वेळ मी खुंटीला हिसके देत घुमत राहिलो आणि तो गवतात बसून माझ्याकडे बघत राहिला. एवढी शरम मला कधी वाटली नाही.

घरी त्याची बोटे बांधताना कंपाउंडरांनी विचारले, "कशानं कापलं?"

"डबा उघडत होतो."

"असं? डब्याला इथरचा वास कधीपासून यायला लागला?" पट्टी बांधून झाल्यावर ते म्हणाले, "पुढच्या रविवारी मी येतो. ऐका माझं."

"बंदच केलंय आता."

खरेच बंद केले. बोटे जुळली, पण वळेनात. मला फळीवर ठेवले, तेही न पुसता, तेल न सोडता. आतले एरंडेल हळूहळू डिंकासारखे घट्ट झाले आणि माझा दांडा त्यात रुतला. कंपाउंडर मात्र दर रविवारी दार वाजवायचे. "आहात का?" म्हणायचे. टर्नर खुर्चीत श्वास रोखून बसायचा. थोडा वेळ थांबून ते जिना उतरून जायचे. असे कितीतरी रविवार गेले. मग एका रविवारी दार वाजले नाही. पुढच्याही नाही. टर्नर खुर्चीत बसून दाराकडे बघत होता.

त्यानंतरच्या रविवारी त्याने मला फळीवरून काढले, पंखा फिरवून पाहिला. मी हललो नाही. मग मला खिशात टाकून तो खाली गेला. दाराशी उभा राहून पुटपुटत होता, "जरा मदत हवी होती... जरा धरता का..." सराव चालला होता बिचाऱ्याचा. दार एका अनोळखी बाईंनी उघडले. आत शिवणयंत्र होते आणि कापडाचे ढीग.

"कंपाउंडर आहेत का?"

"ते मुलाकडे राहायला गेले. तीन आठवडे होत आले. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

"सांगायला आले असतील," टर्नर म्हणाला. "मीच दार उघडलं नाही."

बाईंनी आतून शोधून फोन नंबरची चिठ्ठी आणून दिली. ती वर आणून त्याने टेबलावर ठेवली, शेजारी मला ठेवले. शेवटी त्याने फोन लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला.

"कोण, टर्नरसाहेब? अहो, आज कशी काय आठवण झाली?"

"इंजिन अडकलंय. गरम करून फिरवायला हवं. माझी बोटं वळत नाहीत." त्याने मला हातात घेतले. "मला एकट्याला जमत नाही."

"मी आलो असतो हो. पण आता माझ्याच्यानं जिना चढवत-उतरवत नाही."

"मग मीच येतो," टर्नर म्हणाला. "इंजिन घेऊनच येतो."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे इंजिन असेल, तर काम झाल्यावर ते पुसा आणि आत पातळ तेलाचे दोन थेंब सोडा. एवढे केले तर ते कितीही वर्षे थांबेल. माणसांना मात्र थांबायला सांगू नका. ज्यांना काही विचारायचे असेल, ते हाकेच्या अंतरावर आहेत तोवर विचारा. टर्नरला उद्या त्यासाठी दोन गाड्या बदलून जायचे आहे.