गाळलेलं पान

कपडे पिळायला आई टबावर वाकली, तशी भिंगरीनं मागून येऊन तिचा झगा दोन्ही मुठींत धरला आणि पाय रोवून मागे ओढायला लागली.

“वाकू नको! पाण्यावर वाकू नको!”

“अगं सोड, पडेन ना मी!”

“म्हणूनच!” भिंगरी ओरडली. चेहरा लालबुंद झाला होता.

आईनं हात पुसले आणि तिला जवळ घ्यायला गेली, तर पोरगी मांजरासारखी निसटून पळाली. दोन दिवस हेच चाललं होतं. एरवी गोचिडासारखी चिकटणारी ही मुलगी आता मांडीवर बसायला तयार नव्हती. लांब बसून आईच्या पोटाकडे टक लावून बघायची. काल तर आईनं पाण्याचा पेला तोंडाला लावला, तो तिनं हिसकावून मोरीत ओतला होता.

आई घरीच कपडे शिवायची. पडद्यांचं एक मोठं काम मशीनवर अर्धवट पडलं होतं, कारण दोन दिवसांनी तिची शस्त्रक्रिया होणार होती. पित्ताशयात खडे झाले होते. दुखणं उठलं की ती भिंतीला धरून उभी राहायची. भिंगरीला कुणी काही सांगितलं नव्हतं. आई दोन दिवस मावशीकडे जाणार, एवढंच. नवऱ्यानं विचारलं होतं, “भीती वाटते का गं?” तेव्हा तिनं दातानं दोरा तोडत म्हटलं होतं, “छे, त्यात काय!” पण भूल दिली आणि जागच आली नाही तर, हा विचार तिला डोळा लागू देत नव्हता.

भिंगरीला सांभाळायला सासरे आले होते. अण्णांनी सारा जन्म छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवला होता. छापलेलं एक अक्षरही वगळणं त्यांना पाप वाटे. आल्या दिवशीच त्यांनी नातीला पुस्तकातली लांडग्याची गोष्ट वाचून दाखवली होती. ती आईही वाचायची, पण आपल्या पद्धतीनं. तिचा लांडगा दार वाजवायचा, करडं त्याला ओळखायची, मग तो ‘चुकलं माझं’ म्हणून रानात निघून जायचा. मधली दोन पानं ती एकदम उलटायची. त्या पानांवर लांडगा करडांना गिळायचा, शेळी त्या झोपलेल्या लांडग्याचं पोट कात्रीनं कापून पिल्लं सोडवायची, आत दगड भरून शिवून टाकायची. पुढे तो पाणी प्यायला विहिरीवर वाकला की दगडांच्या भारानं आत जायचा.

‘पाण्यावर वाकू नको’ यावरून आईला ती पानं आठवली आणि ती तडक बाहेरच्या खोलीत गेली.

“अण्णा, तुम्ही हिला लांडग्याची गोष्ट वाचून दाखवलीत?”

“दाखवली की.”

“सगळी?”

“आता गोष्ट काय अर्धीमुर्धी वाचायची?”

“एवढीशी पोर ती! पोट फाडलं काय, दगड भरले काय! बघा, धसका घेतलाय तिनं. मला पाण्याजवळ जाऊ देत नाही.”

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

“ऐकताना टाळ्या पिटत होती,” ते सावकाश म्हणाले. “लांडगा विहिरीत पडला तेव्हा खुर्चीवरून उडी मारली तिनं. दुसऱ्यांदा वाचायला लावलं. घाबरली ती नंतर. तुम्ही दोघं स्वयंपाकघरात बोलत होतात ना, ती दाराशी उभी होती. तिथून आली ती अशी तोंड पाडूनच.”

आईचा राग जागच्या जागी थिजला. त्या दिवशी स्वयंपाकघरात नवरा तिची समजूत घालत होता. ‘खडे म्हणजे काय, दगडच ते. पोटात दगड घेऊन किती दिवस फिरणार? पोट कापतील, काढतील, शिवतील, झालं.’

भिंगरी कापड बेतायच्या टेबलाखाली बसली होती, चिंध्यांच्या ढिगात. आई जमिनीवर बसली. पोटात कळ आली, ती तिनं गिळली.

“भिंगरे, माझ्या पोटात काय आहे, माहितेय तुला?”

“दगड.” भिंगरी एका चिंधीचे दोरे उसवत होती. मग अगदी हळू, अण्णांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तिनं विचारलं, “आई, तू कुणाला खाल्लंस?”

आईला खुदकन हसू येणार होतं, पण लेकीचा चेहरा बघून ते आतच राहिलं. दोन दिवस हा प्रश्न हे एवढंसं पोर एकटंच वागवत होतं. आणि तरीही आईला विहिरीत पडू द्यायचं नाही म्हणून झगा ओढत होतं.

“कुणाला नाही गं राणी.”

“खरं?”

“अगदी खरं.”

“मग दगड कुणी शिवले?”

“कुणीच नाही. पोटात एक छोटी पिशवी असते, तिच्यात आपोआप होतात. शर्टाच्या बटणाएवढे. डॉक्टर ते काढणार आहेत. घालणार नाहीत, काढणार.”

“मावशीकडे?”

“दवाखान्यात. मावशीचं आम्ही खोटं सांगितलं तुला.”

भिंगरीनं हे सगळं मनात नीट लावून घेतलं.

“म्हणजे लांडग्याचे कुणी काढले असते, तर तो पडला नसता?”

“नसताच पडला.”

तिनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की पुढ्यातल्या चिंध्या हलल्या. मग ती टेबलाखालून रांगत आली आणि जपून आईच्या मांडीवर चढली.

“कापताना काय करतात?”

“औषध देऊन झोपवतात.” आईचा आवाज जरासा कापला.

“तुला भीती वाटते?”

‘छे’ जिभेवर आलंच होतं. “हो,” आई म्हणाली. “वाटते.”

“हॅ!” भिंगरीनं हात उडवला. “लांडग्याला कळलंसुद्धा नाही. कात्रीनं कापलं, सगळी करडं बाहेर आली, सुईनं शिवलं, तरी हा आपला घोरतोय. मग उठला. पुस्तकात लिहिलंय.”

“घोरत होता?”

“घुर्रर्र!”

आई हसली. कळ येईल म्हणून पोट धरून, पण मनापासून हसली. बाहेरच्या खोलीत अण्णा उगाचच खाकरले. त्या दुपारी पडद्याचं कापड उशाला घेऊन, लेकीच्या अंगावर हात टाकून, तिला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. अण्णांनी दारावरची घंटा वाजू नये म्हणून पायरीवरच बैठक मारली.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. शुद्ध आल्यावर आईला आधी छतावरचा पंखा दिसला, मग नवऱ्याचं दाढी वाढलेलं तोंड. ते तोंड इतकं देखणं तिला कधी वाटलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं घरी फोन लावला.

“सांगतो तिला, आई अगदी मजेत आहे म्हणून.”

“तसं नको. मला दे.”

पलीकडे भिंगरीचा श्वास ऐकू आला.

“झालं गं. सगळे काढले.”

“दुखतंय?”

“हो, दुखतंय. टाके आहेत ना. दोन दिवसांनी घरी येते.”

“बरं,” भिंगरी म्हणाली. “मी खेळायला जाऊ? खाली सगळे माझ्यासाठी थांबलेत.”

“जा.”

फोन तसाच टेबलावर टाकून ती पळाली असावी. जिन्यावर पावलं धडधडत उतरत गेली, मागून अण्णांची हाक आली, “अगं, चपला!” आईनं फोन कानाशीच धरून ठेवला.

“काय म्हणाली?” नवऱ्यानं विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “खेळायला गेली.”