चारशे वॅटचा उजेड

"चारशे वॅट? अण्णा, घराची भट्टी करायचीय का?" नवरा भर दुकानात ओरडला.

अण्णा म्हणजे माझे सासरे. काउंटरवर माशांच्या टाकीवर लावायचे मेटल हॅलाइडचे दोन दिवे ठेवले होते, एक दीडशे वॅटचा, एक चारशेचा. अण्णा मोठा दिवा चाचपून बघत होते. ते चाचपणं नवऱ्याच्या ध्यानात आलं असतं, तर संपलंच!

अण्णांना दिसेनासं झालंय, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. काचबिंदू. मीच नेलं होतं डॉक्टरकडे. मधली थोडीशी नजर उरलीय, तीही भरपूर उजेड असला तरच चालते. "सूनबाई, त्याला सांगू नकोस, टाकी विकून टाकेल तो," असं म्हणून अण्णांनी मला गळ घातली होती. खोटं नव्हतं ते. नवरा माझा वाईट नाही हो, पण एकदा भ्याला की आधी वस्तू घराबाहेर काढतो. खारं पाणी, वीज आणि आंधळा म्हातारा म्हटल्यावर तर विचारायलाच नको.

अण्णांनी सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात, तिच्या काळोख्या खड्ड्यांत काढली. निवृत्तीनंतर हौस केली ती एवढीच, खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यात प्रवाळ. एकेक फांदी स्वतःच्या हातांनी लावलेली. त्या टाकीवरचा जुना दिवा जळला म्हणून तर आम्ही इथे आलो होतो.

"लावूनच दाखवतो की," दुकानदार म्हणाला आणि त्याने दुकानातल्या प्रवाळाच्या खोल टाकीवरचा चारशेचा दिवा लावला. हा दिवा झटकन पेटत नाही. आधी जांभळट, मिणमिणता, मग चढत जातो. अण्णा काचेला नाक लावून उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. उजेड लख्ख पांढरा झाला.

"हिरवं आहे," अण्णा हळूच म्हणाले. "टोकं जांभळी. अगं, हलतायत!"

मला रडूच आलं.

"तुमची टाकी किती खोल आहे, काका?" दुकानदाराने विचारलं.

"जेमतेम हातभर," नवऱ्यानेच उत्तर दिलं.

"मग हा नको. एवढ्या जवळून प्रवाळ भाजून पांढरे पडतील. पाणीही तापेल. दीडशेचा घ्या."

"ऐकलंत? उगाच हट्ट! दीडशेचाच बांधा हो."

"चारशेचा द्या," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस."

"पडणार! मेले प्रवाळ तर मेले!"

"डोकं फिरलंय का तुझं?"

"अहो, त्यांना दिसत नाही!"

बोलून गेले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांना दिलेला शब्द मी दुकानात, परक्या माणसासमोर मोडला होता. नवरा वडिलांकडे बघतच राहिला.

अण्णा काचेपासून मागे सरले. "दीडशेचा बांधा," ते दुकानदाराला म्हणाले.

"पण अण्णा, तुम्हाला..." नवरा म्हणाला.

"माझं काय घेऊन बसलास! मी बाहेर आहे. त्यात राहायचंय त्यांना." मग म्हणाले, "विकणार का रे टाकी?"

नवऱ्याने नकारार्थी मान हलवली. अण्णा उत्तराची वाट बघत तसेच उभे. तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

"नाही," तो मोठ्याने म्हणाला. "नाही विकणार, अण्णा."

दुकानदाराने दीडशेचा दिवा खोक्यात बांधला आणि टाकीवरच्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे की जरा," अण्णा म्हणाले. "घाई नसेल, तर बसतो थोडा वेळ."

नवरा काउंटरमागे गेला, तिथलं स्टूल उचलून आणलं, रुमालाने पुसलं आणि टाकीसमोर ठेवलं. मग वडिलांचा हात धरून त्याने तो स्टुलाच्या कडेवर टेकवला.

"बसा," तो म्हणाला.