शेळीची शिंक आणि स्टेनोसाहेबांची टाळी

अंबडच्या महिला भजनी मंडळाच्या कार्यक्रमाला गिरिधरराव दरवर्षी न चुकता जायचे आणि दरवर्षी न चुकता बाहेर चपलांपाशी बसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "चपला फार जातात हो चोरीला." आजपावेतो एक चप्पल गेलेली नव्हती. खरं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गिरिधररावांची टाळी!

मंडळाच्या मुख्य गायिका म्हणजे त्यांच्याच सौभाग्यवती, सरोजिनीबाई. गळा असा, की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हावा. आणि नवरा मिळाला बेताल. सगळ्यांची टाळी वाजून गेली की मागून यांची एकटी टाळी यायची, लग्न लागल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखी. लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात हे महाशय हौसेनं पुढच्या रांगेत बसले आणि बायकोच्या पदाला टाळी धरली. त्या टाळीच्या नादी लागून आधी ढोलकी घसरली, मग पेटी, आणि सरोजिनीबाईंचं पद अर्ध्यात थांबलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. घरी आल्यावर सरोजिनीबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तुम्ही चपला सांभाळा."

ती पुढची खेप गिरिधरराव कोर्टातून रिटायर झाले तरी संपली नव्हती. घरच्या आरतीलाही निरांजनाचं ताट त्यांच्याच दोन्ही हातांत. हात गुंतलेले बरे!

बरं, माणूस गाण्याचा वेडा. बायकोच्या गाण्याचा तर फारच. भिंतीआडून ऐकताना त्यांचा जीव तुटायचा. समोर बसावं, तिच्याकडे बघत ऐकावं, हातानं साथ द्यावी, एवढीच काय ती इच्छा. एकदा हात मांडीखाली दाबून बसायचाही प्रयोग झाला. तेव्हा मान डोलायला लागली, तीही उशिरा.

यंदा नवरात्राआधीच मुलगा ऋषी आणि सून चिन्मयी घरी आले. चिन्मयी परतूरची, नोकरी संभाजीनगरला, आणि बॅगेत साड्या कमी अन् वायरी जास्त. तिनं आल्या आल्या एक खेळाचा डबा टीव्हीला जोडला.

"बाबा, या. गंमत दाखवते."

पडद्यावर टाय लावलेला एक साहेब खुर्चीत बसलेला. समोर शेळ्यांची रांग. गाणं सुरू झालं की ठेक्यावर एकेक शेळी पुढं येणार, मान मागं नेणार आणि शिंकणार. नेमक्या त्या क्षणाला बटण दाबलं, तर साहेब तिच्या नाकाला रुमाल लावतो. चुकलं तर शिंक साहेबाच्या चष्म्यावर. साहेब रागवत नाही, नुसता दुःखी दिसतो. फारच चुकलं तर शेवटी सगळ्या शेळ्या पाठ फिरवून बसतात, आणि जमलं तर दोन पायांवर उभ्या राहून साहेबाभोवती फेर धरतात. बस्स. एवढाच खेळ.

"याला अर्थ काय?" गिरिधररावांनी विचारलं.

"काहीच न्हाई. म्हणूनच तर!"

गिरिधररावांनी बटण हातात घेतलं. पहिली शिंक चष्म्यावर. दुसरी चष्म्यावर. तिसरीला साहेबानं चष्मा पुसायला काढला आणि चौथी थेट डोळ्यांत. आता हा साहेब दिसायलाही हुबेहूब त्यांच्या जुन्या एका जजसाहेबांसारखा. गिरिधरराव जे हसायला लागले, ते सोफ्यावर आडवेच झाले. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. जन्मभर त्यांच्या चुकलेल्या ठेक्यावर दुसरे हसत आले होते. आज पहिल्यांदाच त्यांचे ते हसत होते, आणि चुकायची लाज म्हणून वाटत नव्हती. उलट, पुढची शिंक कधी येते असं झालं होतं.

"काय एवढं खिदळून राह्यले?" सरोजिनीबाईंनी स्वयंपाकघरातून आवाज दिला.

"शेळ्या रुसल्या!" इकडून उत्तर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी शेळ्या. जेवणानंतर शेळ्या. बँकेत जायचं राहिलं, दळण राहिलं. चिन्मयीला वाटलं, बाबा एवढं मन लावतात तरी एकसारखे चुकतात, म्हणजे टीव्हीतच खोट असणार. कधी कधी टीव्ही आवाज जरा मागून देतो, आणि बटणाची न् गाण्याची गाठच पडत नाही. तिनं ते जुळवायचं सेटिंग उघडलं, तेवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन आला.

"बाबा, टुक वाजलं की बटण दाबत राहा. बाकीचं तो आपोआप जुळवून घेतो," असं सांगून ती गच्चीवर पळाली.

गिरिधररावांनी आज्ञाधारकपणे टुक ऐकलं, बटण दाबलं. टुक ऐकलं, बटण दाबलं. खेळानं मान डोलावली आणि पुन्हा शेळ्या आल्या.

आणि काय सांगावं! पहिली शिंक रुमालात. दुसरी रुमालात. एकही थेंब बाहेर नाही. गाणं संपलं तेव्हा सगळ्या शेळ्या दोन पायांवर उभ्या राहून नाचायला लागल्या, आणि त्यांच्याबरोबर गिरिधररावही.

"सरोज! अगं सरोज! मला ताल आला!"

सरोजिनीबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. त्यांनी एक डाव बघितला, दुसरा बघितला. नवऱ्याचा हात एकदाही चुकला नाही. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मंग यंदा आत बसू का मी?" गिरिधररावांनी विचारलं.

सरोजिनीबाई पडद्यापुढं सरकल्या. "बसा. पण आधी मला बघू द्या काय आहे हे." हात धुऊन त्यांनी बटण घेतलं.

पहिली शिंक चष्म्यावर. दुसरी चष्म्यावर. सरोजिनीबाई सावरून बसल्या. तिसरीही चष्म्यावर! ज्या बाईच्या बोटावर अख्खं मंडळ चालतं, तिला शेळ्यांनी ओळीनं पाठ दाखवली.

"या शेळ्यांना बिलकुल अक्कल न्हाई!" बाई कडाडल्या.

गिरिधरराव मोठ्या मनानं म्हणाले, "अगं, होतं असं सुरुवातीला."

तेवढ्यात चिन्मयी खाली आली. सासूबाई चुकतात आणि सासरे जिंकतात, हे बघून ती चक्रावली. तिनं सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, तुम्ही टुक वाजल्यावर बटण दाबलं?"

"तूच म्हणालीस ना, वाजलं की दाबा."

"अहो, टुकच्या बरोबरीनं दाबायचं असतं! तुम्ही मागून दाबलं, आणि खेळाला वाटलं की टीव्हीच उशीर करून राह्यला. त्यानं तुमचा सगळा उशीर पोटात घातला. म्हणून तुमचं बरोबर अन् आईंचं चूक."

गिरिधररावांचा चेहरा उतरला. म्हणजे ताल आलाच नव्हता. शेळ्यांनी सांभाळून घेतलं होतं.

"वाजायच्या आधी कसं कळणार वाजणार म्हणून?" ते हळूच म्हणाले. "मी स्टेनो होतो, बाई. साहेब बोलले की मग लिहायचं. साहेबांच्या तोंडातून शब्द निघायच्या आधी लिहिला असता तर घरी बसवलं असतं मला. आधी ऐकायचं, मग हात चालवायचा. हाताला तीच सवय लागली."

चिन्मयीला वाईट वाटलं. तिनं पडद्यावरचे ठिपके दाखवले. "पण हे बघा ना. तुमची सगळी बटणं एका रेषेत आहेत. दर वेळी बराबर तेवढाच उशीर, पाव सेकंद. एकदाही कमी न्हाई, एकदाही जास्त न्हाई. बेताल माणसाचे ठिपके असे कुठं कुठं सांडलेले असतात."

सरोजिनीबाई त्या रेषेकडे बघत राहिल्या. पीठ वाळत होतं, त्या आत गेल्या.

गिरिधररावांनी त्या दिवसापासून खेळाला हात लावला नाही. पण दुपारी खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून शेळ्यांच्या शिंका ऐकू यायच्या, मध्येच सरोजिनीबाईंचं "अरे मेल्या!" गिरिधररावांना वाटलं, चिन्मयीनं सेटिंग पुन्हा नीट जुळवलं असेल. तिचं काय, तिच्या शेळ्या नाचणारच. आणि या वयात त्यांना शेळ्यांवरून बायकोचा हेवा वाटला.

कार्यक्रमाची दुपार आली. देवीच्या देवळाचा सभामंडप बायांनी भरून गेला. आज भोकरदनचंही मंडळ आलेलं, त्यांची पाळी नंतर होती म्हणून ते मागं पडद्याआड थांबलं होतं. गिरिधरराव कोणी सांगायची वाट न बघता चपलांपाशी जाऊन बसले. सवयीची जागा ती.

आत माइकमधून खाकरल्याचा आवाज आला. मग सरोजिनीबाईंचा आवाज, सबंध मंडपात घुमलेला. "अहो. आत या."

गिरिधरराव दचकून उभे राहिले. "अगं, चपला…"

"जाऊ द्या चपला!" ढोलकीवाल्या उषाबाई ओरडल्या. "ताई बोलावून राह्यल्या न्हाई का? या जल्दी!"

ते आत आले, पुढच्या रांगेत सुनेशेजारी बसले आणि लगेच दोन्ही हात मांडीखाली घातले. सरोजिनीबाईंनी माइकपासूनच डोळे वटारले. "हात काढा."

पद सुरू झालं. गिरिधररावांनी जीव मुठीत धरून टाळी वाजवली. व्हायचं तेच झालं. सगळ्यांची टाळी पडून गेली आणि यांची मागून आली. मागच्या बाया हसल्या. त्यांचे कान तापले, हात आपोआप खाली यायला लागले.

सरोजिनीबाईंनी गाता गाता मान हलवली, थांबू नका म्हणून. मग बोटानं उषाबाईंना खूण केली. लय वाढव. उषाबाईंनी वाढवली. अजून. उषाबाईंनी डोळे मोठे केले, पण वाढवली. अजून थोडी. आणि तिथं बाईंनी तळहात आडवा धरला. बस्स, इथंच.

आणि गिरिधररावांची टाळी पडली, ती दोन टाळ्यांच्या अगदी मधोमध. सगळ्यांची एक, मग यांची एक. पुन्हा सगळ्यांची, पुन्हा यांची. लय तेवढीच राहिली, उशीर तेवढाच राहिला, आणि रिकामी जागा दर वेळी नेमकी भरत गेली. मागच्या हसणाऱ्या बायांनाही ते कळलं. त्यांनी हसणं सोडलं आणि निम्म्या जणींनी गिरिधररावांची टाळी धरली. मंडप असा दणाणला की पुजारी गाभाऱ्यातून बाहेर येऊन बघायला लागले.

चिन्मयी कानाशी लागून म्हणाली, "बाबा, आईंनी मला सेटिंग बदलूच दिलं न्हाई. तुमच्याच उशिरावर शेळ्या नाचवल्या त्यांनी. आज सकाळी कुठं एकदाच्या नाचल्या."

गिरिधररावांना भडभडून आलं. रोज दुपारी ही बाई शेळ्यांच्या शिंका खात आपला उशीर पाठ करत बसली होती! डोळे भरले, समोरचं सगळं अंधुक झालं, पण त्यांनी हात थांबवले नाहीत. समोर तिचा चेहरा होता, आणि ती त्यांच्याकडे बघत गात होती.

पद संपलं. कल्लोळ जरा ओसरला तशी पडद्यामागून भोकरदनच्या चतुराबाईंनी डोकं बाहेर काढलं. त्यांना समोरचं काही दिसलेलं नव्हतं, नुसतं ऐकू आलं होतं. "काय बाई साथ होती! ती मधली टाळी कोणाची हो? नवं कोण आणलं तुम्ही मंडळात?"

सरोजिनीबाईंनी पदर खांद्यावर घेतला. माइक चालू आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"नवं कुठलं?" त्या म्हणाल्या. "आमचे हे आहेत ते."